सहा महिन्यांचं जर्मनी: कुठला कागद कशासाठी अडतो

बॅग भरणं हे सगळ्यात शेवटचं काम. पण घरात बातमी कळली की माळ्यावरून सगळ्यात आधी बॅगच खाली येते. आमच्याकडे मे महिन्यातच भाजणी किती न्यायची यावर चर्चा सुरू झाली होती, आणि तेव्हा माझ्या हातात ना तिथल्या विद्यापीठाचं पत्र होतं, ना व्हिसाची तारीख.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला पुण्याहून जर्मनीला एका सेमिस्टरसाठी गेलो होतो. तेव्हापासून दर वर्षी कुणीतरी ज्युनियर फोन करतो, "दादा, सुरुवात कुठून करू?" हा लेख म्हणजे त्या फोनचं उत्तर. युरोपात प्रत्येक देशाचे नियम वेगळे, म्हणून मी फक्त जर्मनीचं सांगतो. यातलं कुठलंही एक काम अवघड नाही. गोंधळ होतो तो एवढ्यासाठी, की एक कागद दुसऱ्यासाठी थांबलेला असतो, दुसरा तिसऱ्यासाठी, आणि तिसरा आपण अजून कुणाकडे मागितलेलाच नसतो.

सुरुवात आपल्याच कॉलेजात

सेमिस्टरसाठी जायचे रस्ते दोन. पहिला करारातला: आपलं कॉलेज तुमचं नाव तिकडे कळवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. यात तिथली शिकवणी फी माफ असते, इथली मात्र भरत राहावी लागते. दुसरा रस्ता म्हणजे करार नसताना स्वतःच अर्ज करणं. अशा विद्यार्थ्याला तिकडे फ्री मूव्हर म्हणतात. नाव मोकळंढाकळं असलं तरी सगळी धावपळ त्याच्या एकट्याच्या गळ्यात असते.

इरॅस्मस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९८७ साली युरोपातल्या युरोपात विद्यार्थ्यांची देवाणघेवाण व्हावी म्हणून ही योजना निघाली. आता इरॅस्मस प्लस या नावाखाली भारतातल्या संस्थांशीही करार होतात, आणि त्यात दरमहा भत्ता आणि प्रवासखर्च मिळतो. पण त्याचा अर्जही आपण ब्रसेल्सला पाठवत नाही. तो आपल्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागातूनच जातो, म्हणजे बऱ्याच ठिकाणी ग्रंथालयाच्या मागच्या एका खोलीतून. पहिली खेप तिथे मारायची.

दुसरी खेप विभागप्रमुखांकडे, आणि ही खरी महत्त्वाची. प्रश्न असा, की तिथे पास केलेले विषय इथे धरणार का? याचं उत्तर तोंडी घेऊ नका. "करून टाकू रे, तू जा" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण तुम्ही परत येईपर्यंत सर बदललेले असू शकतात. त्यासाठी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा कागद असतो. एका बाजूला तिथले विषय, दुसऱ्या बाजूला त्यांच्या बदल्यात सुटणारे इथले विषय, आणि खाली तीन सह्या: तुमची, इथल्या कॉलेजची, तिथल्या विद्यापीठाची. तिथे पोहोचल्यावर एखादा विषय रद्द झालेला असतो किंवा भरलेला असतो, तेव्हा हाच कागद पहिल्या काही आठवड्यांत दुरुस्त करून पुन्हा सह्या घ्यायच्या. मीही दोन विषय बदलले होते. त्याचा ई-मेल सरांना त्याच दिवशी पाठवला म्हणून निभावलं.

आता क्रेडिटचं गणित. युरोपात मोजणी ईसीटीएसमध्ये, म्हणजे तिथल्या सामाईक क्रेडिट पद्धतीत, होते. पूर्ण वर्षाचे ६०, म्हणजे एका सेमिस्टरचे ३०. जर्मनीत एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचं ३० तासांचं काम धरतात, आणि त्यात वर्गात बसणं, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी असं सगळं येतं. ५ क्रेडिटचा विषय म्हणजे १५० तास. त्याची आठवड्याला चार तास शिकवणी असेल तर १४ आठवड्यांत होतात ५६. उरलेले ९४ तास कुणी तुमच्याकडून करून घेत नाही, पण प्रश्नपत्रिका ते झालेत असं समजूनच काढलेली असते. पहिल्या महिन्यात वेळापत्रक बघून "अरे, इथे तर सुट्टीच आहे" असं वाटतं ते यामुळे.

आपल्याकडे वर्षाला साधारण ४० क्रेडिट असतात. म्हणून काही कॉलेजं तिथल्या दीड क्रेडिटला इथलं एक धरतात, तर काही ठिकाणी एकाला एक लावतात. फरक मोठा आहे: तिथले ३० क्रेडिट इथे २० होतील की ३०? तेवढा आकडा लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर लिहून घ्या.

गुणांचा प्रकार तर उलटाच. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. रूपांतरासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पासिंग यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. समजा तुमचा सीजीपीए १० पैकी ८.२ आहे आणि पासिंग ४ ला आहे. १० वजा ८.२ म्हणजे १.८, भागिले ६ म्हणजे ०.३, गुणिले ३ म्हणजे ०.९, अधिक १ म्हणजे १.९. चांगला आकडा आहे. माझ्या आजीला मात्र मी "दोन मिळाले" सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

कॅलेंडर जुळत नाही

ही गोष्ट फार उशिरा लक्षात येते. जर्मन विद्यापीठात हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या पूर्वार्धात संपतात. परीक्षा त्यानंतर, कधी कधी पार मार्चमध्ये. उन्हाळी सत्राचे वर्ग एप्रिल ते जुलै. आपलं सम सत्र जानेवारीत सुरू होतं. म्हणजे हिवाळ्यात गेलात तर इथलं पुढचं सत्र तुमच्याशिवाय दोन महिने पळालेलं असतं, आणि उन्हाळ्यात जायचं म्हटलं तर इथल्या मे महिन्याच्या परीक्षा आडव्या येतात.

तोड निघते. तिथल्या होखशूल, म्हणजे कामाच्या शिक्षणावर भर देणाऱ्या संस्था, बहुधा लवकर सुरू होऊन लवकर सुटतात. ज्यांच्या अभ्यासक्रमात शेवटचं सत्र इंटर्नशिपचं आहे, त्यांना उशिरा परतणं परवडतं. काही प्राध्यापक परदेशी विद्यार्थ्याची परीक्षा आधी घेतात, पण ते पहिल्याच आठवड्यात विचारावं लागतं. फेब्रुवारीत विमानाचं तिकीट दाखवून विचारलं तर कुणी ऐकत नाही.

व्हिसा आणि बंद खातं

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं एक छोटं गाव. तिथे १९८५ साली सीमेवरची तपासणी हटवण्याचा करार झाला आणि गावाचं नाव व्हिसाला चिकटलं. आपल्या मावशी-काका युरोप टूरला जातात तो शेंगेन व्हिसा कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो. सेमिस्टर त्याहून लांब, म्हणून आपल्याला लागतो त्या देशाचा स्वतःचा डी व्हिसा. टूरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ, असा सल्ला देणारा एक तरी ओळखीचा प्रत्येक सोसायटीत असतो. त्याचं ऐकू नका. डी व्हिसा हातात असला की सुट्टीत पॅरिस, प्राग, व्हिएन्ना फिरता येतं. लंडन आणि डब्लिन मात्र शेंगेनमध्ये नाहीत.

पूर्ण डिग्रीसाठी जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं, म्हणजे इथली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं, प्रमाणपत्र लागतं, म्हणजे त्यांची यादी वेगळी. चुलतभाऊ एमएसला गेला तेव्हाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून त्यावरून फाइल लावणं ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. दूतावासाच्या साइटवरून आपल्या प्रकारची आणि ताजी यादी उतरवून घ्या, आणि कागद त्याच क्रमाने लावा.

त्या यादीतला सगळ्यांना घाबरवणारा शब्द श्पेरकोंटो, म्हणजे बंद खातं. पोरगं तिथे उपाशी राहणार नाही याचा पुरावा जर्मन सरकारला हवा असतो. म्हणून राहण्याचे पैसे आधीच एका खात्यात भरायचे, आणि त्यातून दरमहा ठरलेली रक्कमच बाहेर येते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ अशी आहे. सहा महिन्यांचे होतात ५,९५२. भत्ता देणारी शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र चालतं. रक्कम कमी पडत असेल तर उरलेली भरायची. हे पैसे फी नव्हेत, तुमचेच आहेत आणि तुम्हालाच खर्चायचे आहेत, हे घरी नीट समजावून सांगा. आमच्याकडे बाबा दोन दिवस त्यांना डिपॉझिट म्हणत होते.

पण मेख अशी, की हे पैसे लगेच मिळत नाहीत. आधी तिथे साधं खातं उघडावं लागतं, मग बंद खात्यातून पहिला हप्ता येतो. आणि नेमकं त्याच पंधरवड्यात खोलीचं भाडं, डिपॉझिट आणि विद्यापीठाची सत्रवर्गणी भरायची असते. खोलीचं डिपॉझिट कायद्याने हीटिंग वगैरे सोडून उरणाऱ्या मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं. म्हणून फॉरेक्स कार्डावर हजार-दीड हजार युरो वेगळे न्या. तिथे काम करून भागवू या भरवशावर राहू नका. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायला परवानगी आहे खरी, पण सहा महिन्यांत काम शोधून, भाषा सांभाळून, परीक्षा देऊन हातात येतं ते खिशाला पुरतं, भाड्याला नाही.

तुमचं नाव नक्की काय?

हा खास आपला मराठी प्रश्न. समजा पासपोर्टवर आडनाव देशपांडे आणि नावाच्या रकान्यात सायली विनायक असं आहे. आपल्याला माहीत आहे की विनायक हे वडील. जर्मन संगणकाला ते माहीत नाही. त्याच्या लेखी या मुलीला दोन नावं आहेत, सायली आणि विनायक. त्यात गैर काही नाही, पण बंद खात्यावर सायली विनायक देशपांडे, विम्यावर सायली देशपांडे आणि खोलीच्या करारावर सायली व्ही. देशपांडे असं झालं, की प्रत्येक खिडकीवर ही एकच व्यक्ती आहे हे पटवत बसावं लागतं. पासपोर्टावर आहे तसंच, तितकंच आणि त्याच स्पेलिंगने सगळीकडे लिहायचं. विमानाच्या तिकिटावरही.

खोली मिळाली की सगळं हलतं

विद्यापीठाचं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळीच खोलीचा अर्ज करा. विद्यार्थ्यांची वसतिगृहं श्टुडिएरेंडेनवेर्क नावाची संस्था चालवते. ती विद्यापीठाचा भाग नसते, त्यामुळे प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं होत नाही. प्रतीक्षायादी लांब असते. बाहेर शोधायची वेळ आली तर एक खूण लक्षात ठेवा: घरमालक सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, असा निरोप आला की तिथेच थांबायचं.

खोलीवर एवढा जोर का? कारण तिथला सगळा कारभार पत्त्यावर चालतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक फॉर्म लागतो. ओळखीच्याकडे सोफ्यावर झोपत असाल किंवा पर्यटकांच्या हॉस्टेलमध्ये असाल तर तो फॉर्म सहसा मिळत नाही. फॉर्म नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर पुढे खातं आणि राहण्याचा परवाना अडतो. साखळीची ही सगळ्यात कच्ची कडी.

नोंदणी झाली की काही दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, घरटी महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरायची. दोघे-तिघे मिळून एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकाने भरली की पुरते. फसवणूक समजून ते पत्र फेकून देऊ नका. एकाने दिलं होतं फेकून, मग स्मरणपत्रं दंडासकट आली.

आणि पत्रांवरून आठवलं. मी पोहोचलो त्यानंतर तीन आठवडे माझं बँकेचं कार्ड येईना. बँक म्हणे पाठवलं, पोस्ट म्हणे परत गेलं. शेवटी शेजारच्या खोलीतला मुलगा मला खाली घेऊन गेला आणि पत्रपेट्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं. प्रत्येक पेटीवर आडनाव, आणि माझ्या पेटीवर माझ्या आधी राहून गेलेल्या कुणाचं तरी. तिथे पत्त्यात खोली क्रमांक बहुधा नसतोच. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नाही तर पत्र परत. मी वहीचा कागद फाडून नाव लिहिलं आणि सेलोटेपने चिकटवलं. चौथ्या दिवशी कार्ड आलं, आणि पिन दोन दिवसांनी वेगळ्या पाकिटातून.

विम्याचं थोडक्यात. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीचा आरोग्य विमा विद्यार्थी दराने मिळतो. तो झाल्याचं विमा संस्था विद्यापीठाला परस्पर कळवते, आणि त्याशिवाय नाव पटावर चढत नाही. प्रवासाचे आणि पहिले काही दिवस भागवायला इथून प्रवास विमा घ्यायचा. दात आणि चष्मा मात्र इथेच उरकून जा. तिथे तज्ज्ञाची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात.

वर्गात

वेळापत्रकात १० सी.टी. असं लिहिलेलं दिसेल. हे लॅटिनमधून आलंय, आणि अर्थ असा की वर्ग सव्वादहाला सुरू होणार. एस.टी. लिहिलं असेल तर दहाच्या ठोक्याला. आपल्या एस.टी.ची आठवण येऊन हसू येतं, पण ही एस.टी. वेळेवर सुटते. तास संपल्यावर सगळे बाकावर बोटांच्या सांध्यांनी ठकठक करतात. ती टाळी असते.

हजेरी बहुतेक व्याख्यानांना नसते. पण परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तिची मुदत सत्राच्या मधेच कधीतरी येऊन जाते. आपल्याकडे फॉर्म भरा म्हणून सूचना लागते, क्लार्क ओरडतो, सीआर ग्रुपवर दहा वेळा टाकतो. तिथे तारीख पोर्टलवर असते, एवढंच. मी एका विषयाला पहिल्या बाकावर बसून सगळे तास केले, उदाहरणं सोडवली, आणि नोंदणीची तारीख चुकवली. सहा क्रेडिट गेले. खिडकीतल्या बाई अतिशय नम्रपणे नाही म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाची ही तारीख शोधून मोबाइलमध्ये घाला.

शिकवणं इंग्रजीत असलं तरी कचेऱ्या, पत्रं आणि घरमालक जर्मनमध्येच बोलतात. पुण्या-मुंबईत मॅक्समुल्लर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि शाळेत जर्मन घेतलेली मुलंही आपल्याकडे पुष्कळ. ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, झालं असेल तर आकडे, तारखा आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगणं यांची उजळणी करा. कचेरीत तेवढंच लागतं, आणि तेच ऐनवेळी आठवत नाही.

आता बॅग

दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही. ताज्या फळांना आणि पानांना रोपस्वास्थ्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूस नाही आणि कढीपत्त्याची ताजी डहाळीही नाही. गंमत म्हणजे पाच फळांना या प्रमाणपत्रातून सूट आहे: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ. नारळ चालतो! गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी यांना अडचण नाही. पुड्या नीट बंद करून त्यावर नाव लिहा.

वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर थेट बसतो. तीन पिनांच्या उपकरणांसाठी दहा अ‍ॅडॉप्टर घेण्यापेक्षा एक चांगला अ‍ॅडॉप्टर आणि घरचं एक्स्टेन्शन बोर्ड न्या. कढई मात्र सपाट बुडाची हवी, कारण शेगड्या सपाट काचेच्या असतात आणि गोल बुडाची कढई त्यावर डुगडुगते. वसतिगृहात इंडक्शन असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. आधी विचारून घ्या, मगच कुकर उचला. खोलीतच स्वयंपाकाचा कोपरा असेल तर छतावर धुराचा अलार्मही असतो. मिरचीची फोडणी खिडकी उघडूनच.

परतताना

जाण्याआधी पत्त्याची नोंद रद्द करायची, आनमेल्डुंगच्या उलट आबमेल्डुंग. ती केली नाही तर रेडिओची वर्गणी मागे लागते, आणि ती थांबवायला पुण्यातून जर्मनमध्ये पत्रव्यवहार करावा लागतो. गुणपत्रक तुमच्या हातात मिळत नाही. सगळे निकाल लागल्यावर काही आठवड्यांनी तयार होतं. ते कुणाकडे, कुठल्या पत्त्यावर जाणार हे निघण्याआधी तिथल्या ऑफिसात विचारून ठेवा. आणि बँकेचं खातं घाईने बंद करू नका. डिपॉझिट खोली तपासून, हीटिंगचा हिशेब लावून परत येतं, त्याला महिने लागू शकतात. माझं जूनमध्ये आलं, साफसफाईचे ४० युरो कापून.